चरबीचा सूड

हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सुटीच्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि ज्यांना आत शिरताच आलं नाही त्या जिन्यात उभ्या राहून नुसत्या आकड्यांवर टाळ्या वाजवत होत्या. "तीन इंच," असं आतून ऐकू आलं की टाळ्या. "चार इंच," आलं की टाळ्या आणि वर एखादीचा हुंदका.

मंचावर लेपमॅडम उभ्या होत्या. कोट डॉक्टरांचा, बोलणं कीर्तनाचं आणि हातात टेप शिंप्याची, असा एकूण थाट होता. "चरबी म्हणजे काय हो?" त्या लाडिक आवाजात विचारत होत्या. "न सांगता आलेली पाहुणी. उपाशी ठेवा, रुसेल. पळवा, दमेल. पण जाणार नाही. माझा लेप काय करतो? पेशीपेशीच्या कानात जाऊन सांगतो, बाई गं, खूप झाला पाहुणचार, आता निघ."

हॉल हसला. मग लेपमॅडमनी आवाज खाली आणला. "पण एक ध्यानात ठेवा. ही पाहुणी दाराबाहेरच दबा धरून बसते. लेप थांबवलात की दुप्पट सामान घेऊन परत येते. चरबी सूड घेते."

हसू जागच्या जागी विरलं. बायकांनी मांडीवरच्या लेपाच्या बरण्या घट्ट धरल्या.

तिसऱ्या रांगेत मास्तरीण बसली होती. गणवेश शिवायच्या कारखान्यात ती बावीस वर्षं कापड कापत होती. कटिंग करणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून ही मास्तरीण. एरवी शाळेशी तिचा संबंध सातवीतच संपला होता. धाकट्या बहिणीने हट्ट धरला म्हणून ती आली होती, आणि मघापासून तिचं लक्ष लेपमॅडमच्या तोंडाकडे नसून हाताकडे होतं. नव्या बाईचं माप त्या जाड स्वेटरवरून, टेप सैल सोडून, बाई श्वास आत घेत असताना काढत होत्या. जुन्या बाईचं माप मात्र कपडा वर करून, उघड्या तेलकट अंगावर, टेप आवळून. कारखान्यात असं माप कोणी घेतलं असतं तर मास्तरणीने त्याला दुसऱ्या दिवशी झाडू मारायला लावलं असतं.

तेवढ्यात धाकटीला मंचावर बोलावलं. "पाच महिने, साडेचार इंच," लेपमॅडम म्हणाल्या. धाकटी रडत हसली. तिच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर नवऱ्याने एकदा जुने फोटो चाळताना लग्नाच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं होतं, ही कोण गं, छान आहे. त्याने गंमत केली होती. तिने ती मनाला लावून घेतली, आणि त्या दिवसापासून ती आरशासमोर तिरकीच उभी राही. मास्तरणीला हे माहीत होतं, म्हणून ती हॉलमध्ये गप्प बसली. पण धाकटीच्या स्कर्टचा हूक पाच महिन्यांपूर्वी ज्या घरात अडकायचा त्याच घरात आजही अडकत होता, हे काही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

कारखान्यात तर वेडच लागलं होतं. लेपावर सुती पट्टा बांधा, असं लेपमॅडम सांगत. पण कापडाचे तागे ज्या जाड पारदर्शक प्लास्टिकमधून येतात ते पोटाला गुंडाळलं तर घाम जास्त निघतो, हा शोध कारखान्यातल्या बायकांनी स्वतःच लावला होता. पूर्वी ते प्लास्टिक कचऱ्यात जाई. आता गाडीतून तागा उतरायच्या आत इस्त्रीवाल्या काकू ते सोलून टेबलाखाली दडवत आणि सकाळी मर्जीतल्या बायकांना वाटत. आठ तास मशीनवर बसायचं, आत लेप, वर प्लास्टिक, त्यावर कामाचा झगा. बाई जरा हलली की कुरकुर आवाज येई. मालक म्हणाला, उंदीर झालेत वाटतं.

धाकटीही त्याच कारखान्यात काजं करी. एकदा कपडे बदलायच्या खोलीत मास्तरणीला तिचं पोट दिसलं. कातडी कापड बेतायच्या खाक्याच्या पातळ कागदासारखी झाली होती, आतल्या शिरा दिसत होत्या, आणि कमरेपासून मांडीपर्यंत जांभळ्या-लाल रेघा उमटल्या होत्या. गालही हल्ली सुजल्यासारखे वर आले होते. त्याबद्दल लेपमॅडमचं उत्तर तयार होतं: पोटातून निघालेली चरबी सध्या प्रवासात आहे, चेहऱ्यावर मुक्कामाला थांबली आहे.

"प्रवासात आहे?" मास्तरीण म्हणाली. "तिकीट काढलंय का तिने?" आणि तिने बरणी उचलून चिंध्यांच्या पिंपात टाकली. "आजपासून बंद. काही होत नाही. मी आहे ना."

धाकटी मोठ्या बहिणीला घाबरून राहणारी. तिने लेप बंद केला.

चौथ्या दिवशी तिचं पोट लालभडक झालं. आग, खाज, सूज. झग्याचं कापडसुद्धा सोसेना. सहाव्या दिवशी सकाळी उठताना डोळ्यांसमोर अंधारी आली, दुपारी उलटी झाली आणि काजं करायच्या मशीनसमोरच ती खाली बसली. बायका गोळा झाल्या. इस्त्रीवाल्या काकू काही ओरडल्या नाहीत. मास्तरणीकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "सांगितलं होतं त्यांनी. सूड घेते म्हणून."

संध्याकाळी लेपमॅडम स्वतः घरी आल्या. रागावल्या नाहीत, उलट धाकटीच्या केसांवरून हात फिरवला, नवी बरणी उघडली आणि लेप लावला. दुसऱ्या दिवशी आग निवली. तिसऱ्या दिवशी धाकटी उठून कामावर आली. पुढच्या सुटीला हॉल अपुरा पडला आणि खाली फुटपाथवर सतरंज्या घालाव्या लागल्या.

मास्तरणीची झोप उडाली. ती जेवायला बसे आणि अर्धं ताट सारून उठे. घरातल्या घरात फेऱ्या मारी. एका दुपारी तिने कापडाचा अख्खा थर उलटा मांडून कापला आणि चाळीस बाह्या सगळ्या उजव्याच निघाल्या. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिला घोर लागला होता तो एका गोष्टीचा. लेपमॅडम खोटारड्या आहेत याची तिला खात्री होती. मग त्यांनी सांगितलं ते खरं कसं झालं? धाकटीचं दुखणं ढोंग नव्हतं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि ते घडवून आणलं होतं आपणच, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

शेवटी पिंपात टाकलेली बरणी चिंध्या उपसून तिने शोधून काढली आणि रजा टाकून त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. दवाखाना एका खोलीचा, डॉक्टरीणबाई तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी बरणी हुंगली, बोटावर मलम घेऊन पाहिलं, आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. रेघा कुठे आहेत, रंग कसा, गाल कधीपासून वर आले, पाळी वेळेवर येते का. प्लास्टिकचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बंद केल्यावर त्रास झाला ना?" त्यांनी विचारलं.

मास्तरणीने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"तुमची बहीण खरं बोलतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्रास खरा आहे. कारण खोटं सांगितलंय. यात चरबीचं काही नाही. मला दाट संशय आहे की यात स्टेरॉइड मिसळलंय, तेही जालीम. आम्ही ते इसबाला, खाजऱ्या चट्ट्यांना थोडे दिवस, बोटभर देतो. ही बाई ते पाच महिने पोटभर चोपडतेय, वर प्लास्टिक. प्लास्टिकखाली ते कितीतरी पटीने अंगात मुरतं."

मग त्यांनी समजावलं. त्याच जातीचं एक द्रव्य आपलं शरीर रोज स्वतः बनवतं. बाहेरून आयता पुरवठा सुरू झाला की शरीर आपला कारखाना बंद करून बसतं. मग अचानक बाहेरचा मालही थांबवला तर दोन्हीकडून बोंब. म्हणून अंधारी, उलटी, गळाठा. आणि इतके दिवस औषधाने दाबून ठेवलेली कातडी मोकळी झाली की पेटते. पुन्हा लेप लावला की विझते. "याला सूड म्हणा, शाप म्हणा, काहीही म्हणा. सवय लागलेल्या अंगातून औषध एकदम काढलं की असं होतं, एवढीच गोष्ट आहे. आणि तुम्ही ते एका झटक्यात बंद केलंत, ती चूक झाली. जिवावर बेतलं असतं."

हे शेवटचं वाक्य मास्तरणीने मुकाट्याने गिळलं. "आणि इंच?" तिने विचारलं.

"घाम निघाला, आवळपट्टा बसला, की तासाभरापुरतं कुणाचंही पोट आत जातं. पाणी प्यायलं की भरून येतं. बाकी पातळ झाली ती कातडी. चरबी तिथेच आहे, ढिम्म."

डॉक्टरीणबाईंनी बरणी सरकारी औषध तपासणीकडे पाठवली आणि बहिणीला ताबडतोब घेऊन यायला बजावलं. धाकटी येईना. ताई पुन्हा बरणी फेकेल या भीतीने ती बोलेना सुद्धा. दोन दिवस मास्तरणीने तिची मनधरणी केली आणि मग डॉक्टरीणबाईंचं वाक्य जसंच्या तसं तिला सांगितलं: तू खरं बोलतेयस, त्रास खरा आहे, चूक माझी होती. मोठी बहीण चूक कबूल करते हे धाकटीने जन्मात पाहिलं नव्हतं. ती आली.

सकाळी रक्त घेतलं. अहवालात ते अंगचं द्रव्य जवळजवळ नव्हतंच. डॉक्टरीणबाईंनी मोजक्या मात्रेच्या गोळ्या लिहून दिल्या, आठवड्याआठवड्याने कमी करायच्या, आणि लेप त्यांच्या देखरेखीखाली सोडायचा. "उशीर करू नका," त्या म्हणाल्या. "त्या बरणीत किती आहे ते कुणालाच माहीत नाही. बरणीतलं औषध उद्या बदललं, तर ही कुठेही कोसळेल."

आणि इथे धाकटी अडली. घरी येऊन तिने गोळ्या कपाटात ठेवल्या. "औषध असेल त्यात," ती म्हणाली. "असू दे. पण ताई, इंच तर गेले ना. ते परत आले तर मी काय करू?"

मास्तरणीला कळून चुकलं की बहीण रोगाला घाबरत नाही, टेपला घाबरते. आणि टेपचं काय करायचं हे कारखान्यात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

पुढच्या सुटीला ती हॉलमध्ये गेली आणि नाव नोंदवून आली. लेपमॅडमना आनंद मावेना. "बघा, ज्यांनी बरणी फेकली त्याच आज शरण आल्यात," असं त्यांनी मंचावरून जाहीर केलं आणि स्वेटरवरून, टेप सैल सोडून मास्तरणीचं माप घेतलं: अडतीस. फळ्यावर लिहिलं आणि नवी बरणी दिली. मास्तरीण स्वतःचे कपडे स्वतः बेतते आणि दहा वर्षांत तिची कंबर सदतीसच्या वर-खाली हललेली नाही, हे तिला सांगायची घाई नव्हती.

तो आठवडा तिला जाता जाईना. रोज ती धाकटीच्या चेहऱ्याकडे बघे, हाताला हात लावून ताप आहे का पाही, रोज कपाटातल्या गोळ्या मोजे. एकही कमी झालेली नसे. सुटीच्या आदल्या दिवशी औषध तपासणीचा अहवाल आला. डॉक्टरीणबाईंचा संशय खरा ठरला होता, आणि मात्रा त्यांनी धरली होती त्याहून जास्त होती. आता मास्तरणीला नवीन धास्ती पडली. उद्या हॉलमध्ये आपण हे बोललो आणि दोनशे बायकांनी घरी जाऊन एकदम बरण्या फेकल्या, तर दोनशे धाकट्या जमिनीवर कोसळतील. बरं, फेकू नका म्हणावं, तर लेपमॅडम टाळ्या पिटणार. रात्रभर कूस बदलून तिला यावर काही युक्ती सुचली नाही. डॉक्टरीणबाईंना सोबत यायची विनंती मात्र तिने केली.

सकाळी तिने पोटाला साधी व्हॅसलीन चोपडली, ताग्याचं प्लास्टिक करकचून गुंडाळलं, वर जाड झगा घातला आणि दोन तास घरात इकडून तिकडे चालत राहिली. तहान लागली तरी पाणी प्यायली नाही. मग हॉल गाठला.

लेपमॅडमनी प्लास्टिक सोडवलं, ओल्या अंगावर टेप आवळली आणि जवळजवळ गायल्याच, "साडेपस्तीस. अडीच इंच, सात दिवसांत." टाळ्यांनी हॉल दणाणला. पुढच्या रांगेत धाकटी सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होती.

मास्तरणीने पिशवीतून बरणी काढली आणि वर धरली. झाकणावरची कागदी चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

"ही यांनी दिलेली बरणी," ती म्हणाली. "उघडलेली नाही. कुणीही येऊन बघा. मी लावली ती व्हॅसलीन. दुकानात कुठेही मिळते."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. इस्त्रीवाल्या काकू उठून मंचावर आल्या, बरणी डोळ्यांजवळ नेऊन पट्टी नखाने चाचपली आणि ती शेजारणीच्या हातात दिली. बरणी रांगेतून फिरू लागली. लेपमॅडम हसल्या, पण घाईने. मास्तरणीने खुर्ची ओढली, ती दोन पेले पाणी प्यायली आणि अर्धा तास कुणी उठू नका, असं सांगून मंचावरच बसून राहिली. कुणी उठलं नाही. मग तिने आपली टेप काकूंच्या हातात दिली. टेप सपाट, ना सैल ना आवळ, जशी गिऱ्हाइकाच्या मापाला धरतात. काकूंनी आकडा वाचला, पुन्हा टेप लावून पाहिली, पुन्हा वाचला. सदतीस.

"आता जाड स्वेटरवरून," मास्तरीण म्हणाली. अडतीस.

लेपमॅडमनी संधी साधली. "पाहिलंत? अर्ध्या तासात परत आली. हाच तो सूड."

"कशाचा सूड?" मास्तरणीने विचारलं. "मी लेप लावलाच नाही."

हॉल एवढा शांत झाला की खालच्या दुकानातला पत्र्याचा खणखणाट ऐकू येऊ लागला. मास्तरीण बोलत राहिली. गेलेली चरबी नव्हती, तो घाम होता आणि टेपची करामत होती, हे सांगितलं. अहवाल वाचून दाखवला. आणि मग ती थांबली, कारण अवघड वाक्य पुढेच होतं.

"घरी जाऊन बरणी फेकू नका," ती म्हणाली. "एकदम बंद करू नका."

लेपमॅडम उसळल्या. "ऐका, यासुद्धा तेच सांगतायत."

"हो, तेच सांगते. बंद केल्यावर त्रास होतो हे यांना ठाऊक होतं, मला आत्ता कळलं. यांनी तुम्हाला तो त्रास सांगितला आणि कारण दडवलं, म्हणजे तुम्ही जन्मभर इथे येत राहाल. मी कारण सांगतेय, म्हणजे तुम्हाला इथे यावंच लागणार नाही. माझ्या बहिणीची बरणी मी अशीच फेकली होती. तिचे हाल मी केलेत. तुमच्या घरी तसं करू नका. बरणी घेऊन डॉक्टरांकडे जा, त्या इथेच बसल्यात."

डॉक्टरीणबाई मागच्या रांगेतून उठून उभ्या राहिल्या. लेपमॅडम पेशींच्या कंपनांबद्दल काहीतरी बोलू लागल्या, पण हॉलमधल्या माना आता मागे वळल्या होत्या. बरण्या पदराआडून, पिशव्यांमधून बाहेर यायला लागल्या. प्लास्टिक गुंडाळणाऱ्यांनी आधी या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा कारखान्यातल्या बायका एकमेकींकडे बघत उठल्या. सगळ्यांच्या पुढे धाकटी होती. ती बहिणीजवळून गेली तेव्हा तिच्या डोळ्यांत राग होता, आणि कुणावरचा ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या आठवड्यात औषध खात्याचे लोक हॉलला कुलूप लावून गेले.

वाचणाऱ्याने आता धाकटी बरी झाली असं ऐकायची अपेक्षा करू नये. शहाणपण सुचलं म्हणून कातडी लगेच ऐकत नाही. गोळ्या कमी होत गेल्या तशी पोटाची आग उठली, खाज उठली, धाकटी चिडली, रडली, मास्तरणीला वाटेल ते बोलली. मास्तरीण ओल्या फडक्याच्या घड्या तिच्या पोटावर ठेवत ऐकून घेत राहिली. अंगात काही बिघडलं की का बिघडलं हे विचारायचं, सांगणाऱ्याने पांढरा कोट घातलाय की काळा हे बघायचं नाही, पुरावा मागायचा, आणि आपलं चुकलं असेल तर तेही मोकळेपणी बोलायचं. एवढी साधी गोष्ट. पण तिची किंमत कुणाला तरी अंगावर काढावी लागते, आणि या घरात ती धाकटी काढत होती.

एका संध्याकाळी मास्तरीण फडकं बदलत असताना धाकटीने विचारलं, "अजून किती दिवस गं?"

"महिना म्हणाल्या डॉक्टर. कदाचित दोन. नक्की त्यांनाही सांगता येत नाही."

"लेपमॅडमना सगळं नक्की सांगता यायचं," धाकटी म्हणाली.

मास्तरणीने फडकं पाण्यात बुडवून पिळलं. धाकटीने कूस वळवली आणि पोट उघडं करून म्हणाली, "ठेव फडकं."